नोंद आणि उपचार : गडचिरोलीच्या नवजात-अभ्यासाचा परामर्श

आरोग्यविषयक आकडेवारी भारतात विपुल आहे. परंतु ती ज्या हातांनी गोळा होते त्या हातांच्या कामात तिच्यामुळे काही फरक पडतो काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. उपकेंद्रात भरलेला तक्ता प्राथमिक आरोग्य केंद्राकडे आणि तेथून तालुक्याला व जिल्ह्याला जातो. वर जाताना आकड्यांची बेरीज होत जाते आणि आजारी मूल त्या बेरजेत दिसेनासे होते. नोंदीमुळे प्राथमिक आरोग्यसेवा सुधारते ती कोणत्या परिस्थितीत, ह्याचा विचार करावयाचा झाल्यास डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग व 'सर्च' ह्या संस्थेतील त्यांचे सहकारी ह्यांनी गडचिरोली जिल्ह्यात केलेला नवजात बालकांचा अभ्यास हे मराठी अभ्यासकाला सर्वांत जवळचे उदाहरण होय. १९९९ साली 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मृत्युदरातील घटीमुळे ख्यातनाम झाला. त्याचे मर्म मात्र नोंद आणि उपचार ह्यांच्यातील संबंधात आहे.

अभ्यासाची रचना साधी आहे. ३९ गावांत घरपोच नवजात-सेवा द्यावयाची आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवावयाची. १९९३ ते १९९५ ह्या काळात दोन्ही क्षेत्रांतील मृत्युदर निश्चित करण्यात आला. त्यानंतर गावांतीलच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिक्षण देण्यात आले, आणि १९९५-९६ ह्या वर्षात त्यांनी घरोघरी जाऊन बालकांचे निरीक्षण केले. ह्या निरीक्षणातील ७६३ बालकांपैकी सुमारे ५४ टक्के बालकांना वैद्यकीय साहाय्याची गरज होती. डॉक्टरांनी पाहिलेली बालके मात्र २.६ टक्के होती, व रुग्णालयात दाखल झालेली अवघी ०.४ टक्के.

ह्या दोन आकड्यांतील अंतरातच अभ्यासाची पहिली शिकवण आहे. रुग्णालयाची नोंदवही कितीही काटेकोर ठेवली, तरी तिच्यात केवळ दारापर्यंत आलेलेच रुग्ण येणार. तिच्यावरून काढलेली टक्केवारी अंशाविषयी बोलते. छेद तिला ठाऊकच नसतो. जे बालक बाळंतिणीच्या खोलीतच आजारी पडले व तेथेच दगावले, ते कोणत्याही केंद्राच्या कामगिरीत उणे म्हणून धरले जात नाही. २००१ सालच्या 'कोवळी पानगळ' ह्या अहवालाने महाराष्ट्रातील प्रत्यक्ष बालमृत्यू व सरकार-दरबारी नोंदलेले बालमृत्यू ह्यांतील तफावत उघड केली, तीही ह्याच दोषाकडे बोट दाखविणारी होती.

दुसरी शिकवण अधिक महत्त्वाची आहे. निरीक्षणाच्या वर्षानंतर त्याच आरोग्यदूतांच्या हाती औषध देण्यात आले. जंतुदोषाची लक्षणे ओळखावयाची आणि आईवडिलांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शन घरीच द्यावयाचे, हे काम त्या करू लागल्या. उपचारापूर्वीच्या १६३ जंतुदोषग्रस्त बालकांपैकी १६.६ टक्के दगावली होती. उपचार सुरू झाल्यावर ७१ बालकांत हे प्रमाण २.८ टक्क्यांवर आले. तिसऱ्या वर्षी ९३ टक्के नवजात बालकांपर्यंत सेवा पोहोचली, आणि आरंभी हजार जिवंत जन्मांमागे ६२ असलेला नवजात मृत्युदर २५.५ झाला. पुढे ह्याच नोंदींच्या विश्लेषणातून २००५ साली निदानाचा एक सुटसुटीत नियम सिद्ध झाला : सात लक्षणांपैकी कोणतीही दोन एकाच वेळी आढळल्यास जंतुदोष समजावा. रडणे क्षीण होणे, दूध ओढणे मंदावणे, हातपाय ढिले पडणे ही त्यांतील काही. घरातून निघालेली नोंद नियमाच्या रूपाने पुन्हा घरात परतली, असे येथे यथार्थपणे म्हणता येते.

ह्या अभ्यासाला मर्यादा आहेत, आणि त्या झाकण्याचे कारण नाही. गावांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. सेवेत अनेक घटक एकत्र होते. त्यामुळे कोणत्या घटकाचा वाटा किती, हे एकूण मृत्युदरावरून काटेकोरपणे सांगता येत नाही. शिवाय एका ध्येयनिष्ठ संस्थेच्या सततच्या देखरेखीखाली जे साधले, ते अन्यत्र साधेलच असे गृहीत धरता येत नाही. आणखी एक गोष्ट वाचकाच्या मनातून जात नाही. उपचारापूर्वीच्या त्या १६३ बालकांची नोंद ज्ञानासाठी आवश्यक होती खरी. परंतु ती नोंद घेणाऱ्या स्त्रीपाशी त्या वेळी औषध नव्हते. अभ्यासकर्त्यांनी ही अवस्था पुढच्याच टप्प्यात संपविली, ह्यात त्यांच्या कार्याचे नैतिक समर्थन आहे.

ह्या दृष्टीने २०११ साली देशभर सुरू झालेल्या घरपोच नवजात-सेवेच्या योजनेकडे पाहिले, म्हणजे एक विसंगती ध्यानात येते. योजनेने गडचिरोलीतून गृहभेटी घेतल्या, तपासणीचा तक्ता घेतला. प्रसूती रुग्णालयात झाल्यास सहा व घरी झाल्यास सात भेटी आशा कार्यकर्तीने द्याव्यात व त्या पूर्ण झाल्यावर तिला २५० रुपये मिळावेत, असे ठरले. इंजेक्शन मात्र तिच्या हाती आले नाही. २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी ते विशिष्ट परिस्थितीत आरोग्यसेविकेकडे सोपविले. ह्यामागील सावधगिरी अनाठायी नाही. प्रतिजैविकांचा दुरुपयोग हा खरा धोका आहे, आणि रुग्णालये व वाहने १९९५ च्या तुलनेने आज अधिक उपलब्ध आहेत. तथापि जेथे पावसाळ्यात नदीला पूर येऊन वाट बंद होते, तेथे ही योजना कार्यकर्तीला पुन्हा निरीक्षणाच्या त्या वर्षातच नेऊन उभी करते. लक्षण तिला ओळखता येते, लिहिता येते. त्यावर इलाज तिला करता येत नाही. मोबदला भेटींच्या पूर्ततेशी निगडित असल्याने तक्ता भरणे हेच काम ठरण्याचा संभव त्यातून वाढतो.

प्राथमिक सेवेतील नोंद कशी पारखावी, ह्याचे गमक येथे सापडते. ती किती अचूक आहे व किती त्वरेने वर पोहोचते, एवढे पाहून भागत नाही. न आलेल्या रुग्णांचा समावेश तिच्या छेदात आहे काय, आणि नोंद करणाऱ्या व्यक्तीला त्या नोंदीवरून दुसऱ्या दिवशी काही निराळे करता येते काय, हे दोन प्रश्न प्रत्येक नोंदवहीला विचारले पाहिजेत. कागदी तक्त्यांची जागा भ्रमणध्वनीवरील तक्त्यांनी घेतली, तरी ह्या प्रश्नांची उत्तरे आपोआप बदलत नाहीत. गडचिरोलीतील त्या ३९ गावांत दोन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी होते. मृत्युदरातील घटीचा अर्थ लावताना हे विसरता येणार नाही.