चेहरा आणि नाव : रोमन व्यक्तिशिल्पाचा एक पुनर्विचार

रोम येथील तोर्लोनिया संग्रहात एका वृद्ध पुरुषाचे संगमरवरी मस्तक आहे. कपाळावरील खोल आठ्या, बसलेले गाल व घट्ट मिटलेले ओठ यांमुळे रोमन प्रजासत्ताकाच्या उत्तरकाळातील यथार्थवादी शिल्पाचा नमुना म्हणून त्याचा वारंवार निर्देश होतो. मूळ घडण इ. स. पू. पहिल्या शतकातील मानली जाते. या पुरुषाचे नाव मात्र अज्ञात आहे.

या मस्तकाची प्रशंसा बहुधा हुबेहूब साम्याबद्दल केली जाते. ती अपुरी आहे. मूळ माणसाशी जे ताडून पाहता येत नाही, त्याच्या साम्याची ग्वाही देता येत नाही. रोमन उच्चकुलीनांच्या घरी पूर्वजांचे मेणाचे मुखवटे जपले जात आणि अंत्ययात्रेत ते मिरवले जात. अशा समाजात सुरकुती ही अनुभव, संयम व राज्यसेवा यांची खूण होती. अभिजात ग्रीक शिल्पाने तारुण्याला आदर्श मानले, तर या रोमन शिल्पाने वार्धक्याला. आदर्शीकरण दोन्हीकडे आहेच.

महाराष्ट्रात याच्या नेमके उलट उदाहरण जुन्नरनजीकच्या नाणेघाटात आढळते. साधारणतः त्याच शतकातील मानल्या जाणाऱ्या तेथील लेण्यात सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. त्या नष्ट झाल्या. काहींच्या पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या. वर कोरलेल्या सिमुक, नागनिका, सातकर्णी, हकुसिरी आदी नावांनी मात्र सातवाहन वंशावळीच्या अभ्यासाला भक्कम आधार दिला. नामहीन चेहऱ्यातून एका वर्गाची वृत्ती कळते, तर चेहराहीन नावातून वंशाचा इतिहास. व्यक्ती मात्र दोन्हींतून निसटते.

हा प्रश्न केवळ पुरातत्त्वाचा नाही. 1857 साली मुंबईत सुरू झालेल्या सर ज. जी. कलाशाळेत पाश्चात्त्य अभिजात शिल्पांच्या प्लास्टर प्रतिकृतींवरून अभ्यास करण्याची पद्धत रुजली. तिने निरीक्षणाची शिस्त दिली; परंतु समोरचे मस्तक म्हणजे केवळ सरावाचा विषय, ही सवयही लावली. सावर्डे येथील सह्याद्री शिक्षण संस्थेच्या कला महाविद्यालयासारख्या ग्रामीण केंद्रांत शिल्पकलेचे शिक्षण घेणाऱ्यांसमोर कोकणातील माणसेच बसणार. त्यांच्या मस्तकाखाली ‘वृद्ध शेतकरी’ एवढेच लिहिले गेले, तर तोर्लोनियातील अनामिकतेची पुनरावृत्ती होईल, तीही कालौघाने नव्हे, तर शिक्षणाच्या अनास्थेने. म्हणून नाव, गाव व वर्ष यांची नोंद हा व्यक्तिशिल्पाच्या अभ्यासक्रमाचाच भाग मानणे आवश्यक ठरते.