एका पेनीचा प्रेक्षक

इंग्रजी रंगभूमीचा उगम सांगताना आमची पाठ्यपुस्तके सेनेका आणि प्लॉटसपासून सुरुवात करतात. प्राचीन विद्येचे पुनरुज्जीवन झाले आणि त्यातून नाटक फुलले, अशी ही मांडणी. मी वर्गात ती शिकवतो. पण ते अर्धेच सत्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. विद्वानांनी नाटकाला घाट दिला, रंगमंच मात्र त्यांनी उभारला नाही.

१५७२ चा कायदा पाहा. उमरावाचा आश्रय नसलेला नट या कायद्याने भटक्या-उनाडांत जमा झाला. शिक्षा होती फटक्यांची आणि तापल्या लोखंडाने कान भोसकण्याची. जगायचे तर कोणा उमरावाचा चाकर म्हणवून घेणे भाग होते. १५७६ साली शोरडिच येथे 'द थिएटर' बांधणारा जेम्स बर्बेज मूळचा सुतार. जागा लंडनच्या वेशीबाहेरची, कारण शहराच्या कारभाऱ्यांना नाटक नको होते. १५९८ च्या डिसेंबरात, जमीनमालकाशी तंटा झाल्यावर, त्याच्या मुलांनी हे नाट्यगृह मोडले. त्याच लाकडांतून १५९९ मध्ये टेम्सपार 'ग्लोब' उभे राहिले. तेथे एक पेनी देऊन कष्टकरी माणूस उभ्याने नाटक पाहत असे.

मार्लो जोडे शिवणाऱ्याचा मुलगा, शेक्सपिअर हातमोजे करणाऱ्याचा. बेन जॉन्सनचा सावत्र बाप गवंडी. रॉबर्ट ग्रीनच्या नावावरील १५९२ च्या पुस्तिकेत, विद्यापीठात न शिकलेल्या शेक्सपिअरला उसन्या पिसांचा कावळा म्हणून हिणवले गेले. १६१२ मध्ये टॉमस बॉडलीला ऑक्सफर्डच्या आपल्या ग्रंथालयात छापील नाटके नको होती. त्याच्या लेखी तो कचरा होता. आज तीच नाटके अभिजात ठरली आहेत. नाटके बदलली नाहीत. बदलले ते तोलणारे हात.

तथापि, भाबडा गौरवही नको. कारागिराने उभारलेल्या मंचावर कारागीर बहुधा हसण्यापुरताच आला. 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मधला विणकर बॉटम आणि त्याचे सोबती नाटक करतात, तेव्हा दरबारी त्यांची टिंगल करतात. डेकरच्या 'द शूमेकर्स हॉलिडे'त आपुलकी आहे, पण मालक लंडनचा लॉर्ड मेयर होतो याचाच तेथे उत्सव. बायकांना तर या धंदेवाईक रंगमंचावर स्थानच नव्हते. त्यांच्या भूमिका मुलगे करीत.

शिवाय १५९६ साली शेक्सपिअरच्या बापाला कुलचिन्ह मिळाले, १६०३ मध्ये त्याची मंडळी राजाची मंडळी झाली. नटाचा कलंक पैशाने आणि राजाश्रयाने धुता येत होता. जातीचा कलंक असा धुतला जात नाही. म्हणून 'तेही आमच्यासारखेच' असे म्हणण्याची घाई मी करणार नाही.

१६०८ पासून या मंडळीच्या हाती आलेल्या ब्लॅकफ्रायर्स या बंदिस्त नाट्यगृहात सर्वांत स्वस्त जागेला सहा पेन्स पडत. पेनीवाला त्या दाराबाहेरच राहिला. विद्यार्थ्यांनी कोणत्याही रंगभूमीला तीन प्रश्न विचारावेत: मंच कोणी बांधला, आत कोणाला घेतले आणि हसू कोणाचे झाले?