पंचाहत्तर टक्क्यांची शोकांतिका

मराठीत समीक्षकांची वानवा नाही. कथेवर समीक्षा होते, कवितेवर होते, समीक्षेवर तर सर्वांत जास्त होते. पण ठाण्यापासून कल्याणपर्यंत प्रत्येक गाडीवाल्याच्या कपाटात असलेला, दरवर्षी नव्या आवृत्तीत निघणारा आणि आगाऊ पैसे भरूनही वाचकाने कधी न उघडलेला एक ग्रंथ समीक्षकांच्या नजरेतून साफ सुटला आहे. तो म्हणजे मोटार विम्याची पॉलिसी. मी साधा बी.कॉम., बँकेत कारकून. रसग्रहणाचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. पण बारीक टायपातला मजकूर वाचण्याचा पगार मी वीस वर्षे घेतो आहे, तेव्हा हे कार्य माझ्याच हातून व्हावे असे विधिलिखित असणार.

प्रथम कर्तृत्वाचा प्रश्न. मुखपृष्ठावर कंपनीचे नाव निराळे असते, पण आतला मजकूर पुष्कळसा एकच. वाचकाने वाङ्मयचौर्याचा संशय घेऊ नये. २००२ सालच्या 'इंडिया मोटर टॅरिफ' नावाच्या मूळ संहितेवरून हे प्रयोग चालू आहेत. २००७ पासून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर कंपन्यांनी आपापले ठरवायचे असे झाले. म्हणजे तिकिटाचे दर बदलले. नाटक बहुतेक तेच राहिले.

कथानक सोपे आहे. नायिका गाडी. ती कल्याण-शीळ रस्त्यावर टेंपोच्या मागे निमूट उभी असते आणि मागून डंपरच्या रूपाने खलनायक प्रवेश करतो. नायिका दोघांच्या मध्ये. आता प्रश्न असा की, तिला दुरुस्त करायची की तिचा नाद सोडून दुसरी आणायची?

पहिला अंक घरात होतो. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांकडे मी तो पहिल्या रांगेत बसून पाहिला. सासरे म्हणाले, "पायगुणाची गाडी आहे, काढू नका." शेजारचे काका म्हणाले, "एकदा ठोकलेली गाडी दारात ठेवू नये." मेहुणा तर नव्या गाडीचा रंगीत कागदच घेऊन आला होता. गॅरेजवाल्याने फोनवर छातीठोक सांगितले, "साहेब, ओळखू येणार नाही अशी करून देतो." गाडी त्या वेळीही ओळखू येत नव्हतीच. तीन तास चर्चा झाली, दोनदा चहा झाला. वहिनी तेवढ्या मधूनमधून म्हणत होत्या, "अहो, आधी ती पॉलिसी तरी बघा." पण बायकोचे ऐकण्याची वेळ अजून आली नव्हती.

पॉलिसी उघडली असती तर कळले असते की, गाडी दुरुस्त करून द्यायची, बदलून द्यायची की रोख पैसे द्यायचे, ही निवड त्या ग्रंथातल्या एका अटीप्रमाणे कंपनीची आहे. ज्या ठरावावर तीन तास भाषणे झाली, त्यावर मतदानाचा हक्क सभेतल्या एकालाही नव्हता!

मग हे ठरते कशावर? इथे ग्रंथाचा परमोच्च बिंदू येतो. पॉलिसीच्या पहिल्या-दुसऱ्या पानावर गाडीची एक किंमत लिहिलेली असते. तिला आयडीव्ही म्हणतात. गाडी ओढून आणण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च मिळून या किमतीच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला, की गाडी 'कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस', म्हणजे पंचनाम्याच्या भाषेत मयत. ७४ टक्के झाला तर गॅरेज, ७६ झाला तर भंगार. गडकरी रंगायतनात शेवटच्या अंकात नायिका मरते तेव्हा निदान पार्श्वसंगीत तरी असते. इथे फक्त सर्व्हेअरच्या कॅल्क्युलेटरचा आवाज.

ही किंमत काढण्याची रीत आम्हा कॉमर्सवाल्यांचे मन हेलावणारी आहे. पॉलिसी सुरू होताना त्या मॉडेलची कंपनीने जाहीर केलेली विक्रीची किंमत घ्यायची आणि वयाप्रमाणे घसारा कापायचा. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. पाच वर्षांनंतर लेखकाने लेखणी खाली ठेवली आहे. पुढची किंमत कंपनी आणि मालक यांनी आपसांत समजुतीने ठरवावी म्हणे. लग्नाच्या याद्या करतात तसे. फरक इतकाच, की इथे एक पक्ष याद्या करतो आणि दुसरा पक्ष न वाचता सही करतो.

आता खरी गोम. नूतनीकरणाच्या वेळी फोन येतो, "साहेब, आयडीव्ही थोडी खाली घेऊ या का? प्रीमियम कमी बसेल." मराठी माणसाला 'कमी बसेल' हे दोन शब्द ऐकू आले की पुढचे ऐकू येत नाही.

हिशेब मांडू. समजा, आठ लाखांची गाडी, वय तीन वर्षे पूर्ण. ४० टक्के गेले, आयडीव्ही ४,८०,००० रुपये. तिचे ७५ टक्के ३,६०,०००. डंपरकृपेने दुरुस्तीचा अंदाज आला ३,२०,०००. गाडी वाचली. पार्टवरचा घसारा न कापण्याचे 'झिरो डेप' घेतलेले असेल, तर मालकाच्या खिशातून लहान गाडीसाठी सक्तीचे १,००० रुपये आणि किरकोळ सटरफटर जाईल.

आता त्याच गृहस्थांनी फोनवर आयडीव्ही ४,००,००० वर आणली होती असे धरा. वाचले किती? फार तर दीड-दोन हजार. पण तिचे ७५ टक्के झाले ३,००,०००. तोच डंपर, तीच गाडी, तोच चेंबलेला पत्रा, आणि गाडी मेली. हातात ३,९९,००० येणार. तशीच गाडी बाजारात ४,८०,००० ला मिळते म्हटले, तरी ८१,००० पदरचे घाला. डंपरने गाडीला मारले ते सर्वांनी पाहिले. तिला आधीच अर्धी कोणी मारून ठेवली होती, हे फक्त पॉलिसीने पाहिले.

'झिरो डेप' नसेल तर चित्र पालटते. त्याच वयाच्या गाडीच्या धातूच्या पार्टवर २५ टक्के कापतात. काचेवर काही नाही. रबर, नायलॉन, प्लास्टिकवर निम्मे. या निम्म्यांच्याच ओळीत टायर, ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग एकत्र बसवले आहेत. जीव वाचवणारी एअरबॅग आणि पंक्चर होणारी ट्यूब यांत लेखकाला भेद दिसू नये, हा या ग्रंथातला मोठा रसभंग. अशा वेळी दुरुस्तीतही साठ-ऐंशी हजार खिशातून जाऊ शकतात आणि टोटल लॉसच बरा ठरू शकतो. म्हणून वहीत दोन रकाने करावेत. एकात खिशातून जाणारे पैसे आणि ठोकलेल्या गाडीची उतरलेली किंमत. दुसऱ्यात हाती येणारी रक्कम आणि तशीच गाडी घ्यायला कमी पडणारे पैसे. आजवर भरलेले हप्ते दोन्ही रकान्यांत घालायचे नाहीत. माणसे नेमके तेच घालतात, आणि वर पायगुणही.

एक काळ असा होता की हे प्रश्नच पडत नसत. प्रीमियर पद्मिनीला ठोकर लागली की पत्रेवाला हातोडी घेऊन बसायचा आणि संध्याकाळी गाडी पुन्हा गाडीसारखी दिसायची. आता कोणी ठोकून काढत नाही, पार्ट बदलतात. दिवा फुटला तर अख्खा दिवा, बंपर चिरला तर अख्खा बंपर. 'रिपेअर' या शब्दाचाच अर्थ 'रिप्लेस' झाला आहे. फरक सगळे एकदम बदलायचे की सुटे-सुटे, एवढाच. म्हणून तर ७५ टक्के गाठायला हल्ली डंपरही लागत नाही. आणि मॉडेल बंद पडलेले असेल तर पार्टही नाहीत. डोंबिवलीकरांना हे नव्याने सांगायला नको. १९९० च्या दशकात प्रीमियरच्या इथल्या कारखान्यात पेजो ३०९ तयार होत होती. थोड्याच वर्षांत पेजो भागीदारी सोडून गेली आणि गाड्या पोरक्या झाल्या.

ग्रंथात नसलेले एक उपसंहाराचे पान मी जोडतो. भंगार घेणाऱ्याच्या हाती सही केलेले कोरे फॉर्म देऊन मोकळे होऊ नये. गाडी कायमची निकामी झाली तर चौदा दिवसांत आरटीओला कळवावे, असे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५५ वे कलम सांगते. नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका अपघाताच्या खटल्यात म्हटले आहे. तुम्ही मृत समजलेली गाडी कुठेतरी रंग लावून हिंडत असली, तर तिच्या पराक्रमाची नोटीस तुमच्याच दारात येईल.

एकंदरीत, भाषा दुर्बोध, विनोदाचा अभाव, नायिकेच्या मनाचा विचार नाही. तरीही ग्रंथ संग्राह्य आहे. सगळा वाचायला वेळ नसेल त्यांनी निदान आयडीव्हीचा आकडा वाचावा. गाडी जगणार की मरणार यावर मालकाला मत असते, पण मतदान अपघातानंतर नसते. ते वर्षातून एकदा, नूतनीकरणाच्या दिवशी असते, आणि त्या दिवशी बहुतेक मतदार प्रीमियमकडे बघून शिक्का मारतात.