शोधनिबंधाची भाषा आणि हरवलेला कर्ता

महाविद्यालयीन नियतकालिकांतून प्रसिद्ध होणाऱ्या मराठी शोधनिबंधांचे एक ठरीव गद्य तयार झाले आहे. ‘सदर शोधनिबंधात अभ्यास करण्यात आलेला आहे’ या वाक्याने ते सुरू होते आणि ‘असे दिसून येते’ या शब्दांनी संपते. या गद्यास आपण औपचारिक म्हणतो. शैक्षणिक लेखनास औपचारिकता आवश्यक आहे, याविषयी दुमत नाही. तथापि तिचे खरे लक्षण कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या गद्याचा पहिला विशेष म्हणजे कर्त्याचा लोप होय. मराठीतील कर्मणी प्रयोगात कर्ता नाहीसा होत नाही. ‘संशोधकाने पुरावे तपासले’ या वाक्यात क्रियापद कर्मानुसार चालते. पण पुरावे कोणी तपासले, हे कळते. ‘पुरावे तपासण्यात आले’ असे म्हटले की तो प्रश्न अनुत्तरित राहतो. प्रयोगशाळेतील कृती सांगताना याने काही बिघडत नाही. द्रावण कोणी तापवले यापेक्षा ते किती अंशांपर्यंत तापवले, हे महत्त्वाचे असते. साहित्य आणि इतिहास या विषयांत मात्र विधान हे बहुधा अर्थनिर्णयन असते. तेथे ‘मानले जाते’ हा शब्दप्रयोग कोण मानतो व कशाच्या आधारे मानतो, या दोन्ही प्रश्नांना बगल देतो.

दुसरा विशेष म्हणजे विधानांचा मोघमपणा. ‘सदर कादंबरीत ग्रामीण जीवनाचे वास्तववादी चित्रण करण्यात आलेले असून त्याद्वारे सामाजिक जाणिवांचे दर्शन घडविण्यात आलेले आहे’ हे वाक्य नमुन्यादाखल रचले आहे. त्यात कोणत्याही ग्रामीण कादंबरीचे नाव घातले तरी ते खरेच ठरेल. जे विधान सर्व कृतींना लागू पडते, ते एकाही कृतीची समीक्षा करीत नाही.

मराठीची स्वतःची परंपरा अशी नव्हती. नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थिदशेतच ग्रँट डफच्या इतिहासावर टीका लिहिली आणि त्या काळी प्रमाणभूत समजल्या जाणाऱ्या ग्रंथातील दोष दाखवून दिले. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड 1898 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या प्रस्तावनांत मत कोणाचे आहे, याविषयी वाचकास संशय राहत नाही. राजवाड्यांची अनेक मते पुढील अभ्यासकांनी खोडून काढली. पण ती खोडता आली, याचे कारण ती स्पष्टपणे मांडलेली होती. ज्या विधानाला धनी नाही, त्याचे खंडनही करता येत नाही. आणि खंडनाची शक्यता संपली की ज्ञानव्यवहार थांबतो.

या शैलीला संस्थात्मक कारणेही आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या विनियमांनी प्रकाशनांना गुणांक दिले आणि निबंधांची संख्या महत्त्वाची ठरली. 2018 च्या विनियमांनी वाङ्मयचौर्याचे स्तर ठरवून 10 टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडमुक्त ठेवले. ही तपासणी शब्दांचे साम्य मोजते; विधानामागे विचार आहे किंवा नाही, हे मोजणे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे. 2025 मध्ये आयोगाने ‘केअर’ यादी बंद केल्यानंतर नियतकालिकांची पारख करण्याचे दायित्व प्रामुख्याने उच्च शिक्षण संस्थांवर आले आहे. म्हणजेच परीक्षकाने निबंध वाक्यावाक्याने वाचण्याची गरज वाढली आहे.

सारांश, औपचारिकता म्हणजे ‘मी’चा संकोच नव्हे किंवा संस्कृतप्रचुर शब्दांची रासही नव्हे. कोण म्हणतो, कशावरून म्हणतो आणि कोणत्या मर्यादेत म्हणतो, या तीन गोष्टी वाक्यात स्पष्ट करणे हीच शैक्षणिक लेखनाची शिस्त होय. ‘प्रस्तुत लेखकाच्या मते’ असे लिहिण्याने लेखनाची वस्तुनिष्ठता कमी होत नाही, उलट ती तपासता येते. आपले विद्यार्थी आपल्याच निबंधांवरून लिहावयास शिकतात. त्यांच्या हाती कर्ता नसलेली वाक्ये दिल्यास, मत मांडणे व त्याची जबाबदारी घेणे या दोन्ही गोष्टी त्यांना परक्याच राहतील.