दोर, घड्याळ आणि नाव : रोडिओच्या जुन्या पोस्टकार्डांचे वाचन

अमेरिकेच्या पश्चिम भागातील काऊबॉय-जीवनाची जुनी चित्रपोस्टकार्डे ही सामान्यतः स्मरणरंजनाची साधने मानली जातात. हे मत चुकीचे नाही; अपुरे मात्र आहे. मोकळ्या कुरणांवर गुरे राखण्याची पद्धत काटेरी तारेच्या प्रसाराने आणि १८८६-८७ च्या कडक हिवाळ्याने मोडकळीस आली होती. पोस्टकार्डाच्या पत्त्याच्या बाजूस मजकूर लिहिण्याची मुभा अमेरिकन टपालखात्याने दिली, ती १९०७ मध्ये. म्हणजे कार्डांना बहर आला तेव्हा त्यांचा नायक बव्हंशी भूतकाळात जमा झाला होता. या विलंबात प्रतिमेतून नेमके काय गळाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

दोराच्या फाशाने वासरू पकडण्याचे दृश्य या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. कुरणावर हे काम डाग देण्यासाठी वा औषधोपचारासाठी होई. तेथे घाईला मोल नव्हते. जखमी वासरू म्हणजे मालकाचे नुकसान. शायेन (१८९७) आणि पेंडलटन (१९१०) येथील रोडिओ-उत्सवांनी अशा कसबांना प्रेक्षक मिळवून दिले, आणि वासराच्या या खेळात घड्याळ निर्णायक ठरले. कार्डावर घोडा मागे रेटून दोर ताणून धरतो, वासराचे तीन पाय बांधलेले असतात आणि स्वार दोन्ही हात वर करतो. हात वर करणे ही वेळ थांबविण्याची खूण होय. माळरानावर ती खूण कोणासाठी करावयाची?

राल्फ डबलडे (१८८१-१९५८) हा या प्रकारातील प्रमुख छायाचित्रकार. निगेटिव्हवर शाईने लिहिलेली त्याची अक्षरे छापात पांढरी उमटतात, आणि उधळ्या घोड्यांच्या कार्डांवर स्वाराबरोबर घोड्याचेही नाव आढळते. धावत्या क्षणावरील त्याची पकड असामान्य आहे, हे निःसंकोच मान्य केले पाहिजे. परंतु गुरे हाकण्याच्या, तळावर जेवणाच्या कार्डांवर बहुधा केवळ प्रसंगाचा उल्लेख असतो. माणसे अनामिक राहतात. खेळणाऱ्यास नाव, राबणाऱ्यास नाही. (‘रोडिओ’ आणि ‘लॅरिएट’ हे शब्द ज्यांच्या स्पॅनिश भाषेतून आले, त्या मेक्सिकन गुराख्यांची उपेक्षा हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) वासराला तर नाव असण्याचा प्रश्नच नसतो.

म्हणूनच या दोन्ही प्रकारच्या कार्डांना ‘काऊबॉय’ या एकाच शीर्षकाखाली लावण्याची संग्राहकांची रीत प्रस्तुत लेखकास मान्य नाही. त्या वर्गवारीत मजूर खेळाडूसारखा दिसू लागतो आणि वेतनाचा प्रश्न नाहीसा होतो. १८८३ मध्ये टेक्सासच्या पॅनहँडल भागातील काऊबॉयांनी महिना पन्नास डॉलर वेतनासाठी संप केला होता. तो फसला. रोडिओची कार्डे पाहणाऱ्यास या माणसांना महिन्याचा पगार असे, याचीही आठवण होत नाही.