नायकाचे बळ आणि वाटेची चढण

दिवाळीच्या अंकात संगणकावरील खेळाची समीक्षा पाहून काही वाचक नाक मुरडतील, हे मला ठाऊक आहे. खेळ तो खेळ. त्याची कसली आली आहे समीक्षा, असेही कोणी म्हणेल. पण ज्या रचनेत नायक आहे, त्याच्या वाटेवर संकटे आहेत आणि त्या संकटांतून त्याने काही कमवावे अशी अपेक्षा आहे, ती रचना महाकाव्याच्या दूरच्या का होईना, पण नात्यातलीच म्हणावयास हवी. मग काव्याला लावतो त्या कसोट्या तिला लावून पाहावयास काय हरकत आहे?

निमित्त घडले ते गेल्या दिवाळीत, वाशीमच्या आमच्या घरी. स्वयंपाकघरात चकल्यांचा घाणा उतरत होता आणि माझी पुतणी संगणकासमोर बसली होती. खेळ होता ‘ऑब्लिव्हियन’. २००६ सालचा आणि जगभर गाजलेला. या जातीच्या खेळांना रोल-प्लेइंग गेम म्हणतात. यात आपण आपल्या मनाजोगे एक पात्र घडवावयाचे, त्याला कौशल्ये द्यावयाची आणि एका अद्भुत राज्यात त्याला सोडून द्यावयाचे. थोड्या वेळाने ती वैतागून म्हणाली, “काका, मी जेवढी मोठी होऊन राहिली, तेवढी जास्तच हरून राहिली!”

मला आधी हसू आले. पण तिच्या शेजारी तासभर बसलो आणि पोरीचे गाऱ्हाणे खरे आहे, हे ध्यानात आले.

या खेळात आरंभी सात मुख्य कौशल्ये निवडावयाची असतात. जे कौशल्य वापरावे ते वाढते. मुख्य कौशल्ये मिळून दहा वेळा वाढली आणि पात्राने झोप घेतली, की ते एक पायरी वर चढते. इथवर सारे सुरेख आहे. पण नायक वर चढला की जगही त्याच्याबरोबर चढते! काल जिथे लांडगा होता तिथे आज अस्वल येते. काल फाटक्या कातडी चिलखतात फिरणारा वाटमाऱ्या उद्या राजालाही दुर्मिळ असे चिलखत घालून उभा राहतो. आणि मागतो काय, तर शंभर मोहरा! अंगावरचे चिलखत विकले तर त्याला जन्मभर वाट मारावी लागणार नाही, हे त्याला कोणी सांगावे?

माझ्या पुतणीने निवडली होती ती गोड बोलण्याची, घासाघीस करण्याची आणि औषधी रस बनविण्याची कौशल्ये. ती त्यांत पटाईत होत गेली, पायऱ्या चढत गेली, आणि त्या प्रत्येक पायरीगणिक शत्रू बलिष्ठ होत गेले. तिच्या हातातली तलवार मात्र पहिल्या दिवशी होती तितकीच बोथट राहिली. उलट, पायऱ्या चढण्याचे जो टाळतो त्याला हा खेळ पुष्कळदा सोपा जातो. अडचण कमी-अधिक करण्याची एक पट्टी खेळात दिलेली आहे, नाही असे नाही. पण तिचा उपयोग वरणात मीठ जास्त पडले म्हणून वर पाणी ओतण्याइतकाच.

कर्त्यांचा हेतू वाईट नव्हता. खेळणाऱ्याला कोणत्याही दिशेने जाण्याची मुभा द्यावयाची, तर जिथे जाईल तिथे त्याच्या तोलाचा शत्रू हवा, असा त्यांचा हिशेब. चूक झाली ती इथेच. तोल म्हणजे बरोबरी नव्हे. दोन्ही पारड्यांत सदैव सारखेच वजन पडत राहिले, तर काटा हलणार कधी आणि आपण काही मिळविले हे कळणार कसे?

याच्या अगदी उलट मार्ग ‘गॉथिक’ या २००१ सालच्या जर्मन खेळाने धरला. तिथले जग नायकासाठी बदलत नाही. आरंभी साधा लांडगाही त्याला लोळवितो. पण गुरूकडून विद्या घेऊन तो परतला, की तोच लांडगा दोन घावांत पडतो. आरंभी दोन्ही हातांनी कशीबशी पेललेली तलवार शिकल्यावर तो एका हाताने सफाईने फिरवितो. वाढ आकड्यांत नव्हे, डोळ्यांना दिसते. मात्र सुरुवातीचा मार इतका कठोर, की अर्ध्या वाटेवरून परतणाऱ्याला दोष देववत नाही.

या दोहोंचा विचार करताना वाशीमकराला एक जुनी कथा आठवल्यावाचून राहत नाही. आमचे गाव म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त सांगितले आहे, की सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून निघून गेला, तेव्हा गौरीने साहित्यविद्यावधू निर्माण करून त्याच्या मागे पाठविली. पूर्वेकडे लांबलचक समासांच्या गौडी रीतीने तो वश झाला नाही. पांचालीने थोडा वळला. वैदर्भीने मात्र पुरता जिंकला गेला, आणि त्यांचे लग्न लागले ते वत्सगुल्मात! अडचणीचीही एक रीत असते, असे मला वाटते. ‘गॉथिक’ची गौडी. वैदर्भीचा प्रसाद म्हणजे पोकळ सोपेपणा नव्हे. सर्व गुण अंगी असून त्यांचे ओझे न जाणवू देणे, ही तिची खूण.

आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी २०२० साली काढलेला ‘राजी’ या खुणेच्या जवळ जातो. तो पूर्ण अर्थाने रोल-प्लेइंग नव्हे. पण प्रश्न तोच. असुरांनी पळविलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधावयास निघालेली राजी ही कसरती करणारी मुलगी आहे. म्हणून खांबावर झेप घेणे, भिंतीवरून उसळी मारून त्रिशूळ चालविणे तिला शोभते. क्षेमेंद्र ज्याला औचित्य म्हणतो, ते हेच. तिचे बळ तिच्या जगण्यातून आले आहे आणि संकटेही त्याच बळाला साद घालणारी आहेत. उणीव एवढीच, की शस्त्रांना लाभणाऱ्या दैवी शक्ती हव्या तेव्हा काढून दुसरीकडे लावता येतात. चुकण्याची भीती गेली, हे लहानांना बरेच. पण त्याबरोबर निवडीचे मोलही गेले.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. वाट चढणीची असावी. पण नायकाने मागे वळून पाहिले, तर कालचा टप्पा खाली दिसला पाहिजे. आणि कर्त्याने खेळणाऱ्यापुढे जी कौशल्ये मांडली, त्या प्रत्येकासाठी एक तरी वाट राखली पाहिजे. गोड बोलणारा हो, असे मुलाला सांगावयाचे आणि रस्त्यावर मात्र कोणाचेच न ऐकणारे भरावयाचे, याला अवघडपणा म्हणत नाहीत, वचनभंग म्हणतात. आणि असा वचनभंग मुलांच्या वाट्याला केवळ खेळातच येतो, असेही नाही.

भाऊबीजेच्या दिवशी पुतणीने खेळ पहिल्यापासून मांडला. या वेळी तिने तलवार, ढाल आणि जड चिलखत निवडले, आणि ती भराभर जिंकू लागली. घरात सगळ्यांनी तिचे कौतुक केले, मीही केले. पण तिच्या त्या गोडबोल्या, औषधे घोटणाऱ्या पात्राचे पुढे काय झाले असते, ही चुटपुट मला अजून लागून राहिली आहे.