निनावी वस्तूंचे मोल : जपानी हस्तकला ते आधुनिक फॅशन

प्रस्तावना :
जपानी वस्तूंच्या खरेदीचा विचार करताना बहुधा दोन दालने वेगळी मानली जातात. एकात मातीची भांडी, लाखकाम व निळीचे कापड, तर दुसऱ्यात तयार कपडे व आधुनिक फॅशन. परंपरा आणि आधुनिकता ही विभागणी सोयीची असली तरी अपुरी आहे. निनावीपणा हे मूल्य या दोन्ही दालनांना जोडते. बाजारात या मूल्याचा अर्थ कसा पालटला, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

मिंगेई विचार आणि त्यातील विसंगती :
यानागी सोएत्सु (१८८९-१९६१) यांनी हामादा शोजी व कावाई कान्जिरो यांच्यासह १९२५ मध्ये ‘मिंगेई’, म्हणजे सामान्यजनांची कारागिरी, ही संज्ञा घडविली. अनाम कारागिराने रोजच्या वापरासाठी, स्वस्तात घडविलेल्या वस्तूंत त्यांना खरे सौंदर्य दिसले. १९३६ मध्ये तोक्योत त्यांचे लोककला संग्रहालय उभे राहिले. मात्र त्यापूर्वीच, १९३३ मध्ये, गिन्झासारख्या प्रतिष्ठित बाजारपेठेत ‘ताकुमी’ हे मिंगेई वस्तूंचे दुकान सुरू झाले होते. शेतकऱ्याच्या घरातील वाडगा शहरी रसिकाच्या संग्रहात जाऊ लागला.

हामादांच्या बाबतीत ही विसंगती अधिक ठळक होते. ते भांड्यावर सही करीत नसत, परंतु भांड्यासोबतच्या लाकडी पेटीवर त्यांची सही असे. १९५५ मध्ये ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ या नावाने ओळखला जाणारा सन्मान त्यांना लाभला. अनामतेचा पुरस्कर्ताच नामवंत झाला.

क्युशू बेटावरील ओन्ता या गावी पाण्यावर चालणाऱ्या लाकडी उखळांनी माती कुटली जाते. मोजकी कुटुंबे भांडी घडवितात व त्यांवर व्यक्तीचे नाव घालत नाहीत. ब्रायन मोरान यांनी १९८४ च्या ग्रंथात दाखवून दिले, की मिंगेई वस्तूंची मागणी वाढताच या गावातील सहकार्याची घडी विस्कटू लागली. यानागींनी वस्तूचे सौंदर्य जेवढ्या बारकाईने पाहिले, तेवढ्या बारकाईने मागणीचा हा परिणाम पाहिला नाही. ही त्यांच्या विचाराची महत्त्वाची मर्यादा होय.

बिनछापाची छाप :
१९८० मध्ये सेइयू या सुपरमार्केट समूहाने ‘मुजिरुशी ऱ्योहिन’, म्हणजे ‘बिनछापाच्या चांगल्या वस्तू’, ही ४० वस्तूंची मालिका आणली. वेष्टन साधे, प्रक्रिया कमी, किंमत माफक, हे तिचे सूत्र होते. पुढे ‘मुजी’ हे संक्षिप्त रूपच जगप्रसिद्ध छाप बनले व २०१६ मध्ये मुंबईतही त्याचे दालन उघडले. नाव नाकारण्याचेच नाव झाले.

२०२३ मध्ये मुंबईत आलेल्या युनिक्लोचे कपडेही बव्हंशी बोधचिन्हाविना असतात. तेथेही साधेपणा हेच आकर्षण आहे. परंतु हे कपडे प्रामुख्याने अन्य आशियाई देशांतील भागीदार कारखान्यांत शिवले जातात आणि मूळ कंपनीने अशा मुख्य कारखान्यांची यादी २०१७ मध्ये जाहीर केली. ओन्तामध्ये नाव न घालणे ही घडविणाऱ्या समूहाची रीत आहे. येथे मात्र शिवणाऱ्याचे नाव विचारात घेण्याचा प्रसंगच येत नाही.

निष्कर्ष :
१९७४ च्या पारंपरिक हस्तकला उद्योगविषयक कायद्याने यावर अंशतः उपाय केला. वस्तू मुख्यत्वे रोजच्या वापराची, हाताने घडविलेली व विशिष्ट प्रदेशाशी निगडित असावी, हे त्याचे काही निकष आहेत. आज २४० हून अधिक हस्तकलांना ही मान्यता आहे. पात्र वस्तूवरील चिन्हामुळे ग्राहकाला निदान प्रदेश व तंत्र कळते. तयार कपड्यांना असा आधार नाही.

सारांश, कारागिराने स्वेच्छेने स्वीकारलेली अनामता आणि विक्रेत्याने त्याच्यावर लादलेली अनामता यांत मूलभूत भेद आहे. पहिलीत विनय आहे, दुसरीत विस्मृती. वस्तू दोन्हीकडे सारखीच साधी दिसते, म्हणूनच जपानी साधेपणाचे कौतुक करणाऱ्या समीक्षेने तो साधेपणा कोणाच्या श्रमावर उभा आहे, हेही तपासणे अगत्याचे ठरते.